पार्किन्सन्समध्ये आतड्यांची निगा कशी राखावी

पार्किन्सन्सच्या, म्हणजे कंपवाताच्या, अनेक रुग्णांना हाताला कंप सुटण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून बद्धकोष्ठतेचा त्रास असतो. २००३ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइको ब्राक यांनी अशी मांडणी केली की, निदान काही रुग्णांत तरी आजाराची सुरुवात आतड्यांच्या मज्जातंतूंत होत असावी आणि अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या व्हेगस मज्जातंतूच्या वाटेने मेंदूकडे सरकत असाव्यात. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेतील कॅलटेकच्या संशोधकांना, हे प्रथिन जास्त तयार करणाऱ्या उंदरांत रुग्णांच्या आतड्यांतले जीवाणू सोडल्यास त्यांच्या हालचाली अधिक बिघडतात, असे आढळले. माणसांत मात्र जीवाणूंमधला बदल आजाराचे कारण आहे की आजाराचाच परिणाम, हे अजून ठरलेले नाही. त्यामुळे ‘आतडी शुद्ध करा, पार्किन्सन्स पळवा’ अशा जाहिरातींवर पैसे घालवण्यापेक्षा, घेतलेले औषध मेंदूपर्यंत नीट पोहोचते आहे ना, याकडे घरच्यांनी लक्ष द्यावे.

या आजाराचे मुख्य औषध लेव्होडोपा. ते लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषले जाते आणि तिथपर्यंतची वाट सरळ नसते. पार्किन्सन्समध्ये जठर सावकाश रिकामे होते, शिवाय जेवणातल्या प्रथिनांपासून सुटलेली अमिनो आम्ले आणि लेव्होडोपा यांना आतड्यातून आत जाण्यासाठी, आणि पुढे मेंदूत शिरण्यासाठीही, एकच दार असते. जीवाणूंचाही यात वाटा असल्याचे २०१९ मध्ये स्पष्ट झाले. एन्टेरोकॉकस फिकॅलिस हा आतड्यात राहणारा जीवाणू लेव्होडोपाचे तिथेच डोपामाइन, म्हणजे या आजारात मेंदूला कमी पडणारे रसायन, करून टाकतो आणि असे मेंदूबाहेर तयार झालेले डोपामाइन मेंदूत शिरू शकत नाही. गोळीत लेव्होडोपासोबत असलेले कार्बिडोपा शरीरातल्या, असाच बदल घडवणाऱ्या एन्झाइमला आवरते, पण जीवाणूच्या एन्झाइमवर त्याचा फारसा इलाज चालत नाही. या जीवाणूला रोखणारे औषध रोजच्या उपचारांत अजून आलेले नाही, म्हणून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेण्याचा विचारही करू नये.

आपल्या हातात आहे ती गोळीची वेळ. सर्वसाधारणपणे गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास, पाण्याबरोबर घ्यावी. जेवण होऊन गेले असेल तर एक ते दोन तास थांबावे. आपल्याकडे सकाळची गोळी दुधाच्या चहाबरोबर घेण्याची सवय फार घट्ट असते. ती आधी मोडावी. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर एखादे साधे बिस्किट किंवा केळ्याचा तुकडा चालतो, मात्र वाटीभर दही किंवा उकडलेले अंडे त्या वेळी नको. गोळीचा असर लवकर ओसरू लागलेल्या काही रुग्णांना दिवसा प्रथिने कमी आणि डाळ, उसळ, पनीर, मासे यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात, अशी मांडणी उपयोगी पडते. दिवसभराची एकूण प्रथिने मात्र कमी करू नयेत, कारण या आजारात वजन आणि स्नायू झपाट्याने उतरतात. लोहाच्या गोळ्यांनीही लेव्होडोपाचे शोषण घटते. दोन्हींमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे.

बद्धकोष्ठतेकडे किरकोळ तक्रार म्हणून पाहू नये. आतडी मंदावली की गोळीचा असर उशिरा सुरू होतो, कधी कधी होतच नाही. पालेभाज्या, गवार, सालासकट मूग, पेरू, पपई आणि ज्वारी-बाजरीची भाकरी रोजच्या आहारात असावी; गिळायला त्रास असेल तर भाकरी आमटीत किंवा ताकात कुस्करून द्यावी. इसबगोल भरपूर पाण्यासोबतच आणि गोळीपासून वेगळ्या वेळी घ्यावे. गिळण्याची अडचण असलेल्याला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, कारण ते घशात फुगून अडकू शकते. कमोडवर बसताना पायांखाली पाट ठेवला तर जोर कमी लावावा लागतो. एवढ्याने भागले नाही तर मॅक्रोगॉलसारखे औषध डॉक्टर देतात. कंपासाठी पॅसिटेन चालू असेल तर त्यानेही मलावरोध वाढतो, हे डॉक्टरांच्या कानावर घालावे, पण ती गोळी परस्पर बंद करू नये.

प्रोबायोटिकच्या बाबतीत अपेक्षा मर्यादित असावी. इटलीत २०१६ मध्ये आणि मलेशियात २०२१ मध्ये झालेल्या चाचण्यांत त्याने रुग्णांची बद्धकोष्ठता कमी झाली. कंप किंवा ताठरपणा जातो, असे त्यावरून म्हणता येत नाही. घरचे ताक-दही अवश्य खावे. दह्यातही प्रथिने असतात, इतके लक्षात ठेवून गोळीची वेळ टाळावी. निरोगी व्यक्तीच्या मलातील जीवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याच्या उपचाराची हल्ली बरीच चर्चा होते. २०२४ मध्ये बेल्जियममधील चाचणीत त्यातून थोडी सुधारणा दिसली, तर फिनलंडमधील चाचणीत फायदा दिसला नाही, म्हणून चाचणीबाहेर कोणी तो विकत असेल तर नकार द्यावा. खाजकुहिलीच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असते, आणि म्हणूनच तिचे चूर्ण चालू गोळ्यांत गुपचूप मिसळणे म्हणजे न मोजलेला डोस वाढवणे होय.

दोन आठवडे वहीत चार रकाने आखून गोळीची वेळ, खाल्लेले पदार्थ, ‘ऑन’ (गोळीचा असर होऊन हालचाल मोकळी होणे) येण्याची व जाण्याची वेळ आणि शौचाची नोंद ठेवावी. न्यूरॉलॉजिस्टला ही वही दाखवली तर मात्रा वाढवायची की वेळ बदलायची, हे ठरवणे सोपे जाते. उलटीसाठी कोणी औषध लिहून देत असेल तर आजाराचे नाव आधी सांगावे, कारण मेटोक्लोप्रामाइडने पार्किन्सन्सची लक्षणे बळावतात. पोट एकाएकी फुगले, वारा सरणे थांबले आणि उलट्या सुरू झाल्या, तर पोट साफ होण्याची गोळी देत न बसता रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.