कायम वास्तव्याचा अर्ज करण्यापूर्वी दिवसांचा हिशेब
कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी बहुतेक अर्जदार कागदपत्रांची काळजी करतात. परंतु अर्ज अडू शकतो तो देशाबाहेर काढलेल्या दिवसांमुळेही. युरोपीय संघाच्या 2003 च्या निर्देशानुसार, बहुतेक सदस्य देशांत दीर्घकालीन निवासी दर्जासाठी 5 वर्षांचे सलग कायदेशीर वास्तव्य लागते आणि त्या काळातील प्रत्येक अनुपस्थिती 6 महिन्यांपेक्षा कमी व सर्व मिळून 10 महिन्यांच्या आत असावी लागते. म्हणून पहिल्याच वर्षापासून जाण्यायेण्याच्या तारखा वहीत नोंदवाव्यात आणि जुने पासपोर्ट, कितीही जीर्ण झाले तरी, टाकू नयेत. त्यांवरील शिक्के हा मोलाचा पुरावा असतो.

भाडेकरार, करभरणा, पगारपत्रके व आरोग्यविमा यांच्या प्रती वर्षवार लावाव्यात. सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग सारखे आहे ना, हेही पाहावे. ही बाब क्षुल्लक वाटते, पण नसते. चालू परवान्याची मुदत संपण्यापूर्वीच अर्ज करावा.

दर्जा मिळाल्यावरही मोजणी थांबत नाही: कॅनडात तो टिकवण्यासाठी सर्वसाधारणपणे 5 वर्षांत किमान 730 दिवस तेथे राहावे लागते.