पुरानंतर मिरज–कोल्हापूर रेल्वेमार्ग पुन्हा सुरू करताना

रुकडीच्या पुलावर पंचगंगा धोक्याच्या खुणेखाली उतरली, म्हणजे लगेच गाडी सोडता येते असं नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात हा मार्ग बंद राहिला होता.

आधी सगळा पट्टा पायी तपासा. वरून रूळ सरळ दिसतो, पण खालचा भराव वाहून गेला असला तर स्लीपर (रुळाखालचा आडवा आधार) अधांतरी राहतो. पुलाच्या खांबांशी वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजा आणि जुन्या नोंदीशी ताडा. तळ खरवडला गेला असेल तर मोठे दगड भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. मोऱ्यांत उसाचा पाला हमखास अडकतो, तोही काढा.

गाळाने माखलेली खडी जागच्या जागी ठेवणं ही नेहमीची चूक. गाळ पाणी धरतो, रूळ बसतो. ती उपसून चाळा, ६५ मिमीपर्यंतची नवी खडी भरा, ठासा. मग १६७६ मिमी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आणि दोन्ही रुळांची पातळी तपासा.

पॉइंट मशिन (गाडीचा रूळ बदलणारं यंत्र) व सिग्नलच्या केबल सुकवून तपासा. शेवटी नुसतं इंजिन सावकाश फिरवा. पहिल्या गाड्यांना वेगमर्यादा ठेवा, भराव बसेल तशी वाढवा.