हाउजीच्या पिशवीतून पासवर्ड

विट्यात एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, गेली अकरा वर्षं. सातबारा, शिष्यवृत्ती, पॅन, भरतीचे अर्ज, सगळं काउंटरवर येतं. पासवर्डच्या रकान्यापाशी आलं की बहुतेक जण म्हणतात, "ताई, तुमीच टाका की कायतरी."

मी टाकायची. नाव, मग @, मग जन्मसाल. सगळ्या पोरांना तीच रीत, म्हणजे विसरले तरी मला सांगता येईल. चार वर्षांपूर्वी कॉलेजच्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री कुणीतरी उघडून रद्द केला. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे अर्ज माझ्याच दुकानात भरलेले होते आणि माझी रीत सगळ्यांना ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दुकान उघडून आम्ही अर्ज पुन्हा भरला आणि तो वेळेत गेला. पण ती मुलगी खुर्चीवर बसून रडत होती ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून मी कुणाचाही पासवर्ड ठरवत नाही, ठरवायचा कसा ते शिकवते. तेच इथे लिहिते आहे.

आधी एक समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. चांगली साइट तुमचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, दळून ठेवते. पिठाचे परत गहू होत नाहीत, तसं त्या साठवलेल्या मजकुरावरून पासवर्ड मागे काढता येत नाही. तुम्ही लॉगिन करता तेव्हा साइट तुमचं धान्य पुन्हा दळते आणि पीठ जुळतं का ते बघते. आता चोराने पिठाचा सगळा डबाच पळवला तर? तो घरी बसून स्वतःचं धान्य दळतो. '१२३४५६' दळलं, कुणाशी जुळतंय का बघितलं. 'गणेश१२३' दळलं, बघितलं. तिथे त्याला अडवायला कुणी नसतं.

या दळणाचा वेग किती, हे कळल्यावर मी पहिल्यांदा घाबरले. जुन्या, झटपट पद्धतीने दळलेलं असेल तर गेमिंगचं एकच महागडं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा हजार कोटींहून जास्त अंदाज तपासतं. मुद्दाम सावकाश दळणाऱ्या पद्धती आहेत, १९९९ साली आलेली बीक्रिप्ट त्यांतली एक. गिरणीऐवजी जातं म्हणा ना. तिथे तेच कार्ड सेकंदाला काही हजारांवर येतं. पण साइट गिरणी वापरते की जातं, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. म्हणून हिशेब गिरणीचाच धरायचा.

तो हिशेब मी दुकानात कागदावर करून दाखवते. जन्मतारीख घ्या. शंभर वर्षांत साडेछत्तीस हजार तारखा, संपलं. मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होतो, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी. कार्डाला सेकंदाचा पंचविसावा भाग पुरतो. गाडीचा नंबर: एमएचपुढे दोन आकडे, दोन अक्षरं, चार आकडे. सगळे जोडून ६७ कोटी ६० लाख, म्हणजे त्याहूनही कमी वेळ. आणि 'गणेश@१९९८'सारखा, ज्याला साइट हिरवी पट्टी दाखवून 'मजबूत' म्हणते? (इथे देवनागरीत लिहिते आहे, टाइप आपण इंग्रजीतच करतो.) १० लाख शब्द, पुढे १० चिन्हांपैकी एक, मग १०० सालांपैकी एक, पहिलं अक्षर मोठं किंवा लहान. झाले २०० कोटी. सेकंदाचा पन्नासावा भाग. हिरवी पट्टी बहुतेकदा अक्षरांची संख्या आणि प्रकारच मोजते. तुम्ही तो कोणत्या रीतीने बनवलात हे तिला कळत नाही, चोराला मात्र ती रीत पाठ असते.

ती कशी पाठ झाली, त्याचंही कारण आहे. २००९ साली रॉकयू नावाच्या अमेरिकन कंपनीकडचे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले आणि ते दळलेलेही नव्हते, उघडे ठेवले होते. त्यांत '१२३४५६' हा एकच पासवर्ड २ लाख ९० हजारांहून जास्त लोकांचा निघाला. माणसं पासवर्ड कसा ठरवतात, याचं तेव्हापासून मोठं पुस्तकच चोरांच्या हातात आहे. २०१२ साली लिंक्डइनचं पीठ गेलं, त्यांची गिरणी झटपट होती आणि वर मीठही नव्हतं. प्रत्येकाच्या दळणात वेगळा मजकूर मिसळतात त्याला खरंच मीठ म्हणजे 'सॉल्ट' म्हणतात. ते नसलं की एकसारख्या पासवर्डचं पीठ एकसारखंच दिसतं आणि एकाचा सापडला की त्या सगळ्यांचा सापडतो.

मग एटीएमला चारच आकडे कसे चालतात, असं एका निवृत्त गुरुजींनी विचारलं. प्रश्न अगदी बरोबर आहे. चार आकड्यांचे दहाच हजार पर्याय होतात. पण तिथे मोजक्या चुका झाल्या की कार्ड अडकतं. अंदाज बांधणाऱ्याला मशीनसमोरच उभं राहावं लागतं, डबा घरी नेता येत नाही. फोनच्या पिनचंही तसंच. म्हणून पिन छोटा चालतो. फक्त जन्मसाल आणि १२३४ नको, कारण त्या मोजक्या संधींत चोर आधी तेच टाकून बघणार.

आता कामाला लागू. सुरुवात ई-मेलपासून करा. बँकेपासून सुरू करावं असं सगळ्यांना वाटतं, पण बहुतेक साइटवर 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की नवा दुवा ई-मेलवरच येतो. ई-मेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात घराच्या सगळ्या किल्ल्या.

लागणारं सामान: हाउजीच्या खेळातली १ ते ९० टोकनांची पिशवी, जाडसा मराठी शब्दकोश, वही आणि पेन. शब्दकोश साडेचारशे पानांहून मोठा हवा. पिशवी हलवून टोकन काढा आणि त्याला पाचने गुणा. ३७ आलं तर पान १८५. टोकन परत टाका, पिशवी नीट हलवा, दुसरं काढा. २२ आलं तर त्या पानावरचा वरून बाविसावा शब्द. पानावर तेवढे शब्द नसतील तर टोकन परत टाकून दुसरं काढा. असे सहा शब्द.

शब्द आवडला नाही म्हणून बदलायचा नाही. ही एक गोष्ट मी फार कडकपणे सांगते. एक काका तीनदा शब्द बदलून शेवटी 'विठ्ठल'वर येऊन थांबले. श्रद्धा समजते मला, माझ्याही गल्ल्यावर पांडुरंगाचा फोटो आहे. पण तुमच्या आवडीचा शब्द तुमच्या ओळखीच्यांच्या आवडीचाही असतो आणि चोरांच्या यादीत देवांची नावं अगदी वर असतात. निवड पिशवीनेच करायची, आपण करायची नाही.

माझ्या शब्दकोशात पानावर साधारण ४५ शब्द आहेत. नव्वद पानं गुणिले पंचेचाळीस, म्हणजे प्रत्येक जागी ४ हजार शब्दांपैकी कुठलाही येऊ शकतो. चोराला तुमचा शब्दकोश, तुमची पिशवी, ही सगळी रीत माहीत आहे असंच धरा. तरी चार शब्दांचे सगळे पर्याय संपवायला गिरणीच्या वेगाने पाऊण तास लागेल. पाच शब्दांना चार महिने. सहा शब्दांना तेराशे वर्षं. दर शब्दाला चार हजार पटीने वाढतं. याउलट कीबोर्डवरची ९५ चिन्हं वापरून, अगदी कसलाही अर्थ नसलेला आठ चिन्हांचा पासवर्ड केलात आणि तो कसाबसा पाठ केलात, तरी तो साडेअठरा तासांत संपतो. तेवढे कष्ट घेऊन हाती काय आलं?

समजा 'उखळ पारवा तगादा सुपारी झालर मुरूम' आले. (हेच वापरू नका, आता ते छापले गेले.) डोळ्यांसमोर चित्र उभं करा: उखळात पारवा बसलाय, तगादा लावणारा सुपारी कातरतोय. माझ्या सासूबाईंनी असे सहा शब्द दोन दिवसांत पाठ केले, त्यांना ओव्या पाठ असल्याने हे सोपंच गेलं.

एक अडचण मात्र आपल्या भाषेची आहे. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची एक ठरलेली रीत नाही. 'व'ला व्ही की डब्ल्यू, दीर्घ 'आ'ला एक ए की दोन? आज एक लिहाल, महिन्याने दुसरं. म्हणून वहीत मराठी शब्दाशेजारी इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर सुटं करून लिहा आणि तसंच दहा वेळा टाइप करा. सरळ देवनागरीतच पासवर्ड ठेवू का, असंही विचारतात. नको. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड नसला की अडकलात, शिवाय 'ऱ'सारखं अक्षर दिसायला एकच असून आत दोन प्रकारे साठवलेलं असू शकतं.

साइट मोठं अक्षर, आकडा आणि चिन्ह मागतेच. पहिलं अक्षर मोठं करा, मध्ये आडवी रेघ द्या, शेवटी १ लिहा. त्याने ताकद वाढत नाही, दार उघडतं एवढंच.

पासवर्ड कागदावर लिहू नये असं आपल्याला शिकवलं गेलं. मी लिहायला सांगते. चोर परदेशात बसून तुमचं लोखंडी कपाट उघडू शकत नाही. जमिनीच्या कागदांच्या फाइलीत ठेवा. मोबाइलच्या कव्हरमध्ये, पाकिटात किंवा माझ्या काउंटरवर नको.

बाकीच्या खात्यांसाठी सहा-सहा शब्द पाठ करायची गरज नाही. बिटवॉर्डन किंवा कीपाससारखं पासवर्ड ठेवायचं ॲप घ्या, किंवा फोनमधलंच वापरा. ते प्रत्येक साइटला वेगळा, लांबलचक पासवर्ड बनवून देतं. वेगळा असणं फार महत्त्वाचं. एखाद्या जुन्या खरेदीच्या साइटवरून फुटलेला पासवर्ड चोर तुमच्या ई-मेलवरही टाकून बघतात. ॲपचा आणखी एक उपयोग: नकली पानावर, पत्त्यात एक अक्षर जरी वेगळं असलं, तरी ते आपणहून पासवर्ड भरत नाही. न भरलं की थांबा आणि पत्ता वाचा. सहा शब्दांचा पासवर्डही नकली पानावर हाताने टाइप केला तर गेलाच.

जुना पासवर्ड फुटलाय का, हे 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर बघता येतं. ट्रॉय हंट यांनी ती २०१३ साली सुरू केली. तिथला पासवर्डचा रकाना तुमचा पासवर्ड बाहेर पाठवत नाही. त्याच्या पिठातली पहिली पाच अक्षरं पाठवतो आणि जुळणी तुमच्याच ब्राउझरमध्ये होते. सापडला तर तो कायमचा सोडा, शेवटी एक आकडा लावून परत वापरू नका.

दर तीन महिन्यांनी बदलायची सक्ती असलेल्या कचेऱ्यांतली माणसं माझ्याकडे येतात. 'दिवाळी@२०२३'चं 'दिवाळी@२०२४' होतं, दुसरं काही होत नाही. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ सालीच सांगितलं की असा ठरावीक मुदतीचा बदल लादू नये, फुटल्याची शंका आली तरच बदलावा. ई-मेलला आणि बँकेला दुसरी पायरी, म्हणजे ओटीपी किंवा ॲपमधला कोड, जरूर लावा आणि तो कोड फोनवर कुणालाही वाचून दाखवू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावा, उद्यावर टाकू नका.

ई-आधारच्या फाइलीबद्दल रोज सांगावं लागतं. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मसाल. नाव फाइलीशेजारीच लिहिलेलं असतं, मग उरली शंभर सालं. ती फाइल कुलूपबंद आहे असं समजून व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नका. माझ्यासारख्या दुकानातून प्रिंट घेतलीत तर डाउनलोडमधून आणि रिसायकल बिनमधूनही समोर उभं राहून पुसायला लावा. दुकानदाराला राग येत नाही, आला तरी येऊ द्या.

दुकानात लॉगिन करायचंच असेल तर गुप्त (इन्कॉग्निटो) विंडो मागा, स्वतः टाइप करा, 'सेव्ह करू का' याला नाही म्हणा, बाहेर पडताना लॉगआउट करा. घरी गेल्यावर स्वतःच्या फोनवरून पासवर्ड बदला, कारण त्या कॉम्प्युटरवर कीबोर्डवर दाबलेली अक्षरं टिपणारं काही बसवलेलं असेल तर ते तुम्हाला दिसणार नाही.

हाउजीची पिशवी माझ्या काउंटरखाली असते, शब्दकोश झेरॉक्स मशीनवर. रविवारी दुपारी गर्दी नसते, तेव्हा या. वही तुमची तुम्ही आणा, मी पाठ फिरवून बसते.