निक ड्रेक कसा ऐकावा : तीन अल्बम, एक गिटार आणि दंतकथेपासून थोडे अंतर

निक ड्रेकची गाणी कानावर पडण्याआधी बहुधा त्याची कहाणीच कानावर पडते आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात होते. लाजाळू, देखणा, हयातीत दुर्लक्षित राहिलेला आणि २५ नोव्हेंबर १९७४ रोजी, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी, नैराश्यावरच्याच औषधाच्या अतिमात्रेने गेलेला इंग्लिश गायक-गीतकार, एवढे वाचून जो त्याच्याकडे वळतो त्याला मग प्रत्येक गाण्यात त्या शेवटाची चाहूल ऐकू येऊ लागते. वास्तविक ड्रेकने जिवंतपणी प्रसिद्ध केलेले संगीत तीन अल्बममध्ये मावते आणि ते सलग ऐकायला पुरते दोन तासही लागत नाहीत. चरित्रे आणि माहितीपट त्यानंतर हाती घ्यावेत. तोवर गाणी काय सांगतात ते त्यांनाच सांगू द्यावे.

सुरुवात १९६९ च्या ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’पासून करावी. अनेक जण सर्वांत प्रसिद्ध म्हणून थेट ‘पिंक मून’ हा तिसरा अल्बम लावतात. पण तिथल्या एकट्या गिटारीचे मोल कळायचे असेल, तर ड्रेकने तिथवर येताना काय काय बाजूला ठेवले हे आधी ठाऊक असायला हवे. या पहिल्या अल्बममधले दुसरे गाणे, ‘रिव्हर मॅन’, लागोपाठ तीनदा ऐकावे. पहिल्या वेळी शब्द आणि व्हायोलिने सोडून फक्त गिटारीकडे लक्ष द्यावे आणि बोटांवर मोजावे : चक्र पाचाचे आहे. रॉक आणि लोकसंगीतात चारांचा ठेका सरसकट चालत असताना हा हिशेब विरळाच होता, पण ज्याच्या हातात झपताल बसला आहे त्याला पाच-पाचांचे हे फेरे परके वाटू नयेत. मात्र सम आणि खाली इथे शोधत बसू नये. दुसऱ्या वेळी तंतुवाद्ये कधी शिरतात, कधी चढतात आणि गिटार त्यांच्याखाली आपली चाल कशी जराही बदलत नाही, ते पाहावे. तिसऱ्या वेळी आवाज ऐकावा. ड्रेक ओळ मात्रेवर नेमकी टाकत नाही, ती थोडी मागे रेंगाळू देतो. उजवा हात घड्याळासारखा चालत असताना गळा मात्र मोकळा राहतो, आणि त्याच्या गाण्यातला ताण बव्हंशी या दोहोंच्या अंतरातून येतो, केवळ उदास शब्दांतून नव्हे.

हा अल्बम लंडनमधल्या चेल्सी भागातील ‘साउंड टेक्निक्स’ या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. निर्माता जो बॉइड, ध्वनिमुद्रक जॉन वुड. वाद्यवृंदासाठी आधी एका व्यावसायिक संयोजकाला बोलावले होते, पण ड्रेकला ते काम पटले नाही आणि केंब्रिजमध्ये शिकत असलेल्या आपल्या मित्राला, रॉबर्ट कर्बीला, घ्यावे असा आग्रह त्याने धरला. विशीतल्या, अजून कोणी ऐकलेलेही नाही अशा गायकाने असे म्हणावे आणि ते मान्य व्हावे, हे ‘लाजाळू, स्वतःचे म्हणणे मांडू न शकणारा’ या त्याच्या प्रतिमेत बसत नाही. कर्बीचे काम ऐकायचे तर ‘वे टु ब्लू’ ऐकावे : त्यात गिटार मुळीच नाही, फक्त तंतुवाद्ये आणि गळा. ‘रिव्हर मॅन’ मात्र कर्बीला आपल्या आवाक्याबाहेरचे वाटल्याने ते हॅरी रॉबिन्सन या अनुभवी संयोजकाकडे गेले.

दुसरा अल्बम, १९७१ चा ‘ब्रायटर लेटर’, थोडा सोशिकपणा मागतो. इथे ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या गटाचे बास आणि ड्रमवादक साथीला आहेत, सॅक्सोफोन आहे, एका गाण्यात सहगायिकाही आहेत आणि तीन रचना शब्दांवाचूनच्या आहेत. ज्यांना फक्त व्यथित ड्रेक हवा असतो त्यांना हा अल्बम जास्तच सजवलेला वाटतो. माझ्या मते काही ठिकाणी तो तसा आहेही. पण ‘पुअर बॉय’मध्ये सहगायिका त्याच्या रडगाण्याची चक्क थट्टा करतात आणि ती थट्टा त्याने स्वतःच लिहिलेली आहे, हे ध्यानात घेतले की हा माणूस एकसुरी नव्हता याची खात्री पटते. वेळ थोडा असेल तर निदान ‘नॉर्दर्न स्काय’ चुकवू नये. त्यातली चेलेस्टा (घंटीसारखा नाद देणारे पेटीवजा वाद्य), पियानो आणि ऑर्गन ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या रॉक गटात असलेल्या जॉन केलने वाजवली आहेत.

यानंतर ‘पिंक मून’ लावावा. ऑक्टोबर १९७१ मध्ये त्याच स्टुडिओत, दोन रात्रींत, ड्रेक आणि जॉन वुड या दोघांनीच हे काम उरकले. फेब्रुवारी १९७२ मध्ये अल्बम बाजारात आला. अकरा गाणी, जेमतेम अठ्ठावीस मिनिटे, आणि शीर्षकगीतावर नंतर चढवलेली पियानोची एक छोटी ओळ सोडली तर दुसरे कोणतेही वाद्य नाही. टेप ‘आयलंड रेकॉर्ड्स’ या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या स्वागतकक्षात मुकाट्याने ठेवून तो निघून गेला, ही गोष्ट हमखास सांगितली जाते. प्रत्यक्षात त्याने ती कंपनीचे प्रमुख ख्रिस ब्लॅकवेल यांच्या हाती दिली होती. हा अल्बम मधे न थांबता ऐकावा आणि शेवटचे ‘फ्रॉम द मॉर्निंग’ संपेपर्यंत त्याच्याविषयी मत बनवू नये. त्याच गाण्यातील ओळ टॅनवर्थ-इन-आर्डन गावच्या चर्चच्या आवारातील त्याच्या थडग्यावर कोरलेली आहे, आणि ती मुळीच निराशेची नाही.

ज्यांच्या घरी गिटार आहे त्यांनी आता ती हातात घ्यावी, कारण ड्रेकचे बरेचसे गुपित तारा लावण्याच्या पद्धतीत आहे. ‘पिंक मून’ या शीर्षकगीतासाठी जाड तारेकडून बारीक तारेकडे सी, जी, सी, एफ, सी, ई असे सूर लावावेत. म्हणजे नेहमीच्या मेळापासून (तारा ज्या सुरांत लावतात त्या ई, ए, डी, जी, बी, ई या रचनेपासून) सर्वांत जाड तार ई वरून सी पर्यंत दोन पूर्ण स्वर उतरवायची. तिच्यानंतरच्या तिन्ही तारा एकेक पूर्ण स्वर उतरवायच्या. बी ची तार अर्धा स्वर चढवून सी करायची. आणि सर्वांत बारीक ई आहे तशीच ठेवायची. जाड तार इतकी सैलावते की जोराने छेडल्यास ती गिटारीच्या मानेवरील आडव्या पट्ट्यांवर (फ्रेट्सवर) खडखडते, म्हणून थोड्या जाड तारांचा संच लावलेला बरा आणि अंगठा हलका ठेवावा. सहाही तारा लावून झाल्या की पहिल्यापासून पुन्हा तपासाव्यात, कारण उतरवलेली तार लगेच स्थिरावत नाही. मग दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावावा. आता डाव्या हाताने काहीही न दाबता सगळ्या तारा छेडल्या, तरी ओळखीचा रंग ऐकू येतो : मधली एफ ही तार त्या स्वरसमूहात लोंबकळत राहते आणि पूर्ण विसावा मिळू देत नाही. हा मेळ त्याने इतरही काही गाण्यांना वापरला आहे. तो वाजवत असतानाचे चलच्चित्र उपलब्ध नाही. त्यामुळे आज मिळणारे धडे बहुतांशी कानाने शोधून बसवलेले आहेत आणि दोन शिक्षकांत मतभेद दिसले तर गोंधळून जाऊ नये.

याच मेळांनी त्याच्या जाहीर कार्यक्रमांचे नुकसान केले, ही त्याची दुसरी बाजू. दोन गाण्यांमध्ये तो सगळ्या तारा पुन्हा लावत बसे, त्या वेळात श्रोत्यांशी एक शब्दही बोलत नसे, आणि लोक आपसांत गप्पा मारू लागत. लवकरच त्याने कार्यक्रम करणेच सोडले. त्याच्या हयातीत एकेका अल्बमच्या पाच हजार प्रतीही खपल्या नाहीत असे सांगितले जाते, त्यामागचे हे एक सरळ कारण आहे.

मग गाणी टिकली कशी? १९७१ च्या सुमारास बॉइडने आपली ‘विचसीझन’ ही संस्था ‘आयलंड रेकॉर्ड्स’ला विकून अमेरिकेची वाट धरली, तेव्हा ड्रेकच्या ध्वनिमुद्रिका कधीही बाजारातून काढायच्या नाहीत अशी अट त्याने घातली होती. खप नसतानाही त्या दुकानात मिळत राहिल्या, म्हणून पुढच्या पिढीतील वादकांच्या हाती लागल्या. १९७९ मध्ये त्याच्या अल्बमचा ‘फ्रूट ट्री’ हा संच निघाला. १९८५ मध्ये ‘ड्रीम अकॅडमी’ या गटाने आपले गाजलेले गाणे त्याला अर्पण केले. आणि फोक्सवॅगनच्या एका मोटारीच्या जाहिरातीत ‘पिंक मून’ वाजले तेव्हा, म्हणजे मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांनी, अमेरिकेत त्याचा खप एकाएकी वाढला. जाहिरातीने गाणे बाटले असे काही चाहते म्हणतात. मला ते पटत नाही.

१९७४ मधील शेवटची ध्वनिमुद्रणे, विशेषतः ‘ब्लॅक आइड डॉग’, सर्वांत अखेरीस ठेवावीत, कारण तिथे आवाजच थकलेला आहे आणि आधी ती ऐकली तर बाकी सगळे झाकोळते. चौकशी अधिकाऱ्याने आत्महत्येचा निष्कर्ष काढला, घरच्यांना तो पुरता मान्य नव्हता. गाण्यांना साक्षीदार करून तो वाद श्रोत्याने निकाली काढू नये.

इतके झाल्यावर पुढे काय, तर त्याच्या आईची गाणी. ड्रेकचा जन्म १९ जून १९४८ चा, रंगूनचा. वडील रॉडनी हे ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ या १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कंपनीत अभियंता होते. युद्धात जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरल्यावर आई मॉली बहिणीसह दिल्लीला आली आणि दोघी बहिणी ऑल इंडिया रेडिओवर गाऊ लागल्या. पुढे इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात मॉलीने घरच्या पियानोवर म्हटलेली आपली गाणी रॉडनींनी टेपवर उतरवून ठेवली. त्यांतील दोन २००७ च्या ‘फॅमिली ट्री’ या संग्रहात ड्रेकच्या घरगुती ध्वनिमुद्रणांसोबत आहेत, तर २०१३ मध्ये तिचा स्वतंत्र अल्बमही सर्वत्र उपलब्ध झाला. आधी ‘फॅमिली ट्री’ घ्यावा, कारण त्यात आई आणि मुलगा लागोपाठ ऐकायला मिळतात, आणि ओळीच्या शेवटी स्वर अर्ध्यावर सोडून देण्याची सवय मुलाने कोणाकडून उचलली ते वेगळे विचारावे लागत नाही.