एका कानाचं ऐकणं गेलंय आणि मशीन लावलंय? या चुका टाळा

सकाळी उठले तर डावा कान बंद. आत सारखं 'सूंऽऽ' वाजत होतं आणि उभं राहिलं की तोल जायचा. आदल्या आठवड्यात सर्दी झाली होती, त्यामुळे घरात सगळ्यांचं एकमत झालं की दडा बसलाय. वाफ घेतली, नाक दाबून कानात हवा भरून पाहिली, सासूबाईंनी मायेने कोमट तेलाचे दोन थेंब सोडले. कान-नाक-घसा डॉक्टरांकडे गेले ती नवव्या दिवशी. औषधांनी थोडं परत आलं, बाकीचं गेलं ते गेलंच. आज सहा वर्षं मी त्या कानात मशीन लावते आणि शाळेत सातवीला गणित शिकवते. या सहा वर्षांत मी केलेल्या आणि ओळखीच्यांना करताना पाहिलेल्या चुका इथे लिहितेय.

दडा समजून थांबणं

ही चूक पहिली, कारण बाकीच्या सगळ्या पुढे सुधारता येतात, ही येत नाही. तीन दिवसांच्या आत, लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींवर (म्हणजे आवाजाच्या पट्ट्यांवर) 30 डेसिबल किंवा त्याहून जास्त ऐकणं कमी झालं, तर डॉक्टर त्याला आतल्या कानाचा अचानक आलेला बहिरेपणा म्हणतात. त्यावर स्टिरॉइडचा उपचार असतो, गोळ्यांनी किंवा कानाच्या पडद्यातून इंजेक्शन देऊन, आणि पहिल्या दोन आठवड्यांतही जितकं लवकर तितकं बरं. कारण बऱ्याचदा सापडत नाही. तरी श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना, हे पाहायला एमआरआय सांगतात. त्याला घाबरून टाळाटाळ करू नका.

दडा आणि हा बहिरेपणा घरी बसून ओळखता येत नाही. डॉक्टर मात्र ट्यूनिंग फोर्क, म्हणजे चिमट्यासारखा साधा धातूचा काटा, वाजवून कपाळावर टेकवतात. दडा असेल तर आवाज बंद कानाकडे जातो, नस दुखावली असेल तर चांगल्या कानाकडे. एका मिनिटाचं काम आहे. म्हणून एक कान अचानक बंद झाला तर त्याच दिवशी जा, आणि कानात तेल, लसणाचं तेल, काहीही घालू नका.

तपासणीआधी मशीन विकत घेणं

ऑनलाइन मिळणारं स्वस्त यंत्र सगळेच आवाज सारखे मोठे करतं. तुमच्या कानाला नेमकं काय ऐकू येत नाही, हे त्याला माहीत नसतं. आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा. तिच्या आलेखात उजव्या कानाच्या खुणा लाल, डाव्याच्या निळ्या असतात. मशीनवरही तोच नियम आहे, लाल उजवं, निळं डावं.

आलेखाइतकीच महत्त्वाची आहे शब्दांची चाचणी. 'बीप' ऐकू येणं वेगळं आणि शब्द समजणं वेगळं. एखाद्या कानाला आवाज कितीही मोठा करून दिला तरी शब्द फाटलेलेच पोचतात. अशा कानात साधं मशीन बसवलं तर नुसता गोंगाट वाढतो. माझ्या माहितीतल्या एका काकांनी पूर्ण गेलेल्या कानासाठी महागडं मशीन घेतलं. विकणाऱ्याने त्यांना काही विचारलं नाही, काही सांगितलंही नाही. त्यांना हवं होतं क्रॉस पद्धतीचं यंत्र. त्यात गेलेल्या कानावर फक्त माइक बसतो आणि तिकडचा आवाज चांगल्या कानातल्या यंत्राकडे पाठवला जातो. याशिवाय हाडातून आवाज पोचवणारं यंत्र आणि शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं कॉक्लिअर इम्प्लांट हेही मार्ग आहेत. कुठला तुमचा, ते तपासणीवरून ठरतं.

मशीन बसवून देणारी व्यक्ती भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेली ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, आहे का, हे विचारा. त्यात संकोच कसला? घरी नेऊन वापरून पाहायला काही दिवस द्या, असंही म्हणा. मुंबईच्या आसपास असाल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून हेच काम करते आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्रासाठीचे हेलपाटे वाचतील. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'ऐकू कमी येणारी व्यक्ती' म्हणजे दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल घट असलेली. दुसरा कान धडधाकट असेल तर आपण त्या व्याख्येत बसत नाही.

दोन दिवस लावून डबीत ठेवणं

पहिल्या दिवशी मशीन लावून स्वयंपाकघरात गेले आणि स्टीलच्या डब्याचं झाकण लावल्याचा आवाज डोक्यात घुसला. वर्तमानपत्राची घडी, प्लॅस्टिकची पिशवी, पंखा, सगळं अंगावर येत होतं. स्वतःचा आवाज तर माठात तोंड घालून बोलल्यासारखा. काढून ठेवावंसं वाटतंच. पण मेंदू हे आवाज विसरलेला असतो, ते ओळखीचे व्हायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात.

सुरुवात घरात, शांत खोलीत, एका माणसाशी बोलत करा. मग वेळ तासातासाने वाढवत न्या. पहिल्याच आठवड्यात लग्नाला मशीन लावून गेलात तर हमखास वैतागून परत याल. काय खुपतंय ते वहीत लिहून ठेवा: 'ताटं आपटली की त्रास', 'बायकांचे आवाज कर्कश', 'माझाच आवाज घुमतो'. 'बरोबर वाटत नाही' एवढंच सांगितलं तर ऑडिओलॉजिस्ट तरी काय दुरुस्त करणार? घुमणारा आवाज बऱ्याचदा मोठ्या छिद्रांचा डोम, म्हणजे कानात जाणारी मऊ रबरी टोपी, घातला की कमी होतो. माझा एका दुपारीत कमी झाला. बऱ्याच जणांना मशीन असताना कानातला 'सूं' सुद्धा कमी जाणवतो, मलाही जाणवतो.

मशीन बिघडलं असं लगेच ठरवणं

आवाज बंद झाला की दुकान गाठण्याआधी हे क्रमाने पाहा. सेल संपलाय का? वॅक्स गार्ड, म्हणजे टोकाची ती इवलीशी पांढरी जाळी, मळाने बुजलीय का? डोम फाटलाय का? आणि खुद्द कानात मळ साचलाय का? माझं 'बिघडलेलं' मशीन बहुतेक वेळा जाळी बदलून सुरू झालंय. शिट्टी वाजत असेल तर मशीन नीट आत बसलेलं नसतं, डोम लहान पडतो किंवा मळाच्या भिंतीवर आपटून आवाज परत फिरतो. मळ मात्र डॉक्टरांकडून काढा. कापसाच्या काडीने तो आणखी आत ढकलला जातो.

सेलचं थोडं सांगते. हे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढला की छिद्रांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. म्हणून स्टिकर काढून दोन-तीन मिनिटं थांबा, मग बसवा. परत स्टिकर चिकटवून सेल वाचत नाही. स्टिकरचा रंग म्हणजे आकार: 10 पिवळा, 312 तपकिरी, 13 केशरी, 675 निळा. औषधांच्या गोळ्यांजवळ सेल कधीच ठेवू नका, वयस्कर माणसं चुकून गिळतात. घरात लहान मूल असेल तर दुप्पट काळजी.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेलाच पाणी सुटलेलं असतं. रात्री सेलचं दार उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. भिजलं तर पुसायचं आणि डबीत टाकायचं, हेअर ड्रायर नाही, ऊन नाही. केसांना तेल लावताना, अत्तर मारताना मशीन काढून ठेवा. दिवाळीच्या अभ्यंगाला मी ते देवघरात ठेवते, म्हणजे तेलाच्या हातांनी कुणी उचलत नाही.

फोनही तसाच. मशीन कानामागचं असेल तर माइक वर, कानाच्या वरच्या कडेमागे असतो. फोन कानाच्या भोकाशी नाही, थोडा वर धरायचा.

कुणाला न सांगणं

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. मशीन लावलं म्हणजे दोन कान परत आले, असं मी धरून चालले होते. आवाज कुठल्या दिशेने येतोय हे मेंदू दोन्ही कानांतला फरक मोजून ठरवतो, वेळेचा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. एक कान दुबळा झाला की हे मोजमाप ढासळतं. घरात फोन वाजतोय, पण कुठल्या खोलीत? रस्त्यावर हॉर्न वाजतोय, पण कुठून? म्हणून रस्ता ओलांडताना कानावर विसंबायचं नाही, दोन्हीकडे पाहायचं. शिवाय डोकंच आवाज अडवतं, आणि अडतात ते मुख्यतः बारीक, उंच पट्टीचे आवाज: स, श, त, फ.

मशीन घेतल्यानंतर दोनेक महिन्यांनी वर्गात एक मुलगा माझ्या डाव्या हाताला मागच्या बाकावर होता. पंखे चालू होते. उत्तर विचारलं, तो म्हणाला, "साठ." मला ऐकू आलं 'आठ'. मी म्हटलं, "चूक, बस." तो बसला. त्याने वही पुन्हा पाहिली, खोडली, आणि बरोबर असलेलं उत्तर खोडताना मी त्याला पाहिलं. वह्या तपासताना कळलं. दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं, "माझा डावा कान कमी ऐकतो. काल मी चुकले, त्याचं उत्तर बरोबर होतं." त्या दिवसापासून टेबल अशा कोपऱ्यात हलवलं की माझ्या डाव्या हाताला भिंत आणि सगळे बाक उजवीकडे. मुलं आता हात वर करतात, मी पाहिलं की मगच बोलतात, आणि आकडा फोडून सांगतात: "बाई, साठ, सहावर शून्य."

तेच बाहेर करा. पंगतीत डावा कान कमी असेल तर डाव्या टोकाला बसा. गाडीत चालकाशेजारी बसलात तर तो तुमच्या उजवीकडे येतो, ते सोयीचं. पण स्वतः गाडी चालवताना शेजारचा डावीकडे असतो, त्याला आधीच सांगा की उत्तर आलं नाही तर राग मानू नकोस. हॉटेलात स्वयंपाकघरापासून आणि स्पीकरपासून लांब, भिंतीला पाठ करून बसा. मशीन सहा-सात फुटांपर्यंत छान काम करतं, त्यापलीकडे माणसाला जवळ यायला सांगा. घरच्यांनी आतल्या खोलीतून हाका मारू नयेत, समोर येऊन बोलावं, हे मी सासूबाईंना तीन वेळा सांगितलं. आता त्या दारात येऊन आधी हात हलवतात.

चांगला कान गृहीत धरणं

उरलेला कान आता एकटा आहे. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा किंवा डीजेच्या जवळ उभं राहायचं असेल तर त्या कानात चांगल्या प्रतीचा इअरप्लग घाला, आणि थोड्या वेळाने बाजूला व्हा. इअरफोनचा आवाज कमी ठेवा. वर्षातून एकदा दोन्ही कानांची ऑडिओमेट्री करून घ्या आणि प्रत्येक आलेखाचा फोटो तारखेसह फोनमध्ये ठेवा. कान पुन्हा बंद झाल्यासारखा वाटला, मग तो कुठलाही असो, तर त्याच दिवशी तो फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा. जुना आलेख समोर असला की किती उतरलंय हे त्यांना लगेच दिसतं.