विमान डावीकडे ओढतंय? आधी पायाखाली बघा: घरच्या कॉकपिटमध्ये या चुका टाळा

घाटकोपरला आमच्या गच्चीवरून मुंबई विमानतळाच्या २७ नंबरच्या धावपट्टीकडे उतरायला निघालेली विमानं चाकं बाहेर काढलेली दिसतात. खाली घरात मात्र संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमधलं माझं विमान उडायलाच तयार नव्हतं. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारा लिव्हर, पुढे सारला की डावीकडे ओढायचं. वाऱ्याला दोष दिला, वारा शून्यावर आणला, विमान बदललं, तरी तेच. शेवटी कळलं की डाव्या पेडलचा टो-ब्रेक (पायाच्या बोटांनी दाबायचा चाकाचा ब्रेक) पाय उचलल्यावरही पूर्ण सुटत नव्हता. अख्खा आठवडा मी ब्रेक दाबून टेक-ऑफ करत होतो.

हे पाच मिनिटांत सापडलं असतं. विंडोजच्या रनमध्ये जॉय डॉट सीपीएल टाइप करा, प्रॉपर्टीज उघडा, हात-पाय काढून घ्या आणि अर्धा मिनिट लिव्हर-पेडलची स्थिती दाखवणाऱ्या पट्ट्या नुसत्या बघा. पट्टी थरथरली किंवा सोडलेल्या ब्रेकची पट्टी टोकाला पोचली नाही, तर दोष सामानात किंवा कॅलिब्रेशनमध्ये (लिव्हरची टोकं संगणकाला नोंदवून देण्यात). गप्प बसली, तर सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये शोधा. नवीन काही विकत घ्यायचा विचार त्यानंतर.

थरथरीचं नेहमीचं कारण म्हणजे पोटेन्शिओमीटर, लिव्हर किती सरकला ते मोजणारा भाग. त्यात कार्बनच्या पट्टीवर एक संपर्क घासत फिरतो. धूळ बसली, पट्टी झिजली की आकडे उड्या मारतात, आणि आपल्याकडची पावसाळी दमट हवा त्यात भर घालते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून लिव्हर वीस-पंचवीस वेळा फिरवा. कुलपा-बिजागऱ्यांवर मारतो तो तेलकट स्प्रे नको, त्यावर धूळ आणखी चिकटते. त्याच कामाच्या हॉल सेन्सरमध्ये लोहचुंबक असतो, घासत काहीच नाही. पैसे जपूनच खर्च करायचे असतील तर बाकी सगळीकडे हात आखडा, पेडल हॉल सेन्सरचेच घ्या.

थरथर लपवायला स्टिकचा डेड झोन (मधला, हलवूनही परिणाम न होणारा भाग) वाढवणं ही त्याहून वाईट सवय. उतरताना शेवटच्या क्षणी नाक हलकेच उचलायला जाता, आधी काहीच होत नाही आणि मग विमान एकदम उसळी मारतं.

नवीन यंत्र जोडलं की सिम्युलेटर बरेचदा कोणतं बटण, कोणता अ‍ॅक्सिस (लिव्हर-पेडलची हालचाल) कशाला ते परस्पर वाटून टाकतो. मग रडर (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं सुकाणू) स्टिकच्या पिळावरही आणि पेडलवरही, दोघांची ओढाताण. एका ठिकाणचं काढा. ब्रेकचा अ‍ॅक्सिस उलटा असेल तर पाय न लावताच पूर्ण ब्रेक लागतो. तिथे ‘रिव्हर्स’ची टिक हवी.

एअरबस ए३२० वाल्यांनी थ्रॉटलच्या खाचांकडे जास्त लक्ष द्यावं. आयडल (किमान ताकद), सीएल (चढाई), फ्लेक्स (कमी ताकदीचं उड्डाण), टोगा (पूर्ण ताकद) या खाचा विमानाच्या स्वतःच्या कॅलिब्रेशनमध्ये एकेक करून नोंदवाव्या लागतात, फक्त विंडोजमध्ये करून भागत नाही. एक लिव्हर सीएलमध्ये आणि दुसरा केसभर मागे राहिला तर समोर ‘एलव्हीआर असिम’, म्हणजे लिव्हर सारखे नाहीत, असं उमटतं. आयडल नीट नोंदलं नसेल तर चाकं टेकल्यावरही ‘रिटार्ड, रिटार्ड’ (लिव्हर मागे घ्या) हा आवाज चालूच, आणि पंखांवरचे स्पॉयलर, म्हणजे वेग कमी करणाऱ्या फळ्या, उघडत नाहीत.

मध्येच सगळं बंद पडत असेल तर हब, म्हणजे एका यूएसबी पोर्टची अनेक करणारा डबा, तपासा. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतं, आणि स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब तेवढ्यातच सगळ्यांचं भागवतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबची वीज वाचवण्याची टिकही काढा.

आणि आमची लादी! गुळगुळीत टाइल्सवर ब्रेक दाबला की पेडल पुढे, चाकांची खुर्ची मागे. आई म्हणाली, “विमान उडवतोयस की फरशी पुसतोयस?” रबरी मॅटने फारसा फरक पडला नाही. शेवटी प्लायची एक लांब फळी घेतली, एका टोकाला पेडल स्क्रूने बसवले आणि दुसऱ्या टोकावर खुर्चीची चाकं अडकतील अशी भोकं पाडली. आता माझंच वजन ते धरून ठेवतं.

थ्रॉटल घरीच बनवणार असाल तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नुसतं ‘१० के पॉट’ (पोटेन्शिओमीटर) मागू नका. बी१०के म्हणा, तो सरकवाल तितकाच समप्रमाणात वाढतो. ए म्हणजे आवाजाच्या बटणाचा. त्यात अर्धा लिव्हर सरकेपर्यंत इंजिन जागचं हलत नाही आणि पुढे एकदम भडकतं. पॉट संगणकाला जोडणारा छोटा बोर्ड आर्डुइनो लिओनार्डो घ्या, तो संगणकाला थेट जॉयस्टिक म्हणून दिसतो. तसा न दिसणारा माझा आर्डुइनो उनो खणात पडून आहे.