नव्या ग्रंथपालाचे पहिले वर्ष

ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन मी एका तालुक्याच्या गावातील ‘ब’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालयात रुजू झाले, तेव्हा माझ्या हाती दोनच गोष्टी पडल्या : किल्ल्यांचा जुडगा आणि ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेल्या सहा जाडजूड दाखल नोंदवह्या. आधीचे ग्रंथपाल तीन महिन्यांपूर्वीच निवृत्त झाले होते, त्यामुळे त्यांच्यासोबत काम करण्याची संधी मला एक दिवसही मिळाली नाही. कोणते कपाट कशासाठी तसे लावले आहे, कोणाकडे पुस्तके वर्षानुवर्षे अडकली आहेत, अनुदानासाठीचा वार्षिक अहवाल कसा भरायचा, यांपैकी काहीही कोठे लिहून ठेवलेले नव्हते. कार्यकारी मंडळाची माझ्याविषयी तक्रार नव्हती आणि अपेक्षाही नव्हती; ग्रंथालय वेळेवर उघडावे आणि वेळेवर बंद व्हावे, एवढ्यावर सर्वांचे समाधान होते. या व्यवसायात नव्याने येणाऱ्या बहुतेकांची सुरुवात थोड्याफार फरकाने अशीच होते, म्हणून पुढचे लिहीत आहे.

अभ्यासक्रमात आपण वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषय सांगणारा अंक, तयार करायला शिकतो. विषयांना अंक देणाऱ्या ड्यूई दशांश वर्गीकरण पद्धतीत मराठी कथात्म साहित्याचा अंक ८९१.४६३ येतो, हे परीक्षेत लिहिले की गुण मिळतात. प्रत्यक्षात मात्र माझ्यासमोर कपाटांमागून कपाटे याच एका अंकाची होती, आणि त्यात कादंबरी व कथासंग्रह एकत्र होते, कारण ड्यूईच्या दृष्टीने दोन्ही एकच. वाचकाच्या दृष्टीने ते एक नसतात. दुपारी येणाऱ्या गृहिणींना कथासंग्रह हवा असे, कारण तो स्वयंपाकाच्या आधी अर्धा वाचून होतो, तर निवृत्त शिक्षकांना जाडी कादंबरी हवी असे. आधीच्या ग्रंथपालांनी हे ओळखून कथासंग्रहांना वेगळी कपाटे दिली होती. मला तो गबाळेपणा वाटला.

माझी सर्वांत मोठी चूक याच उत्साहातून झाली. चरित्रे आणि आत्मचरित्रे ९२० या अंकाखाली एकाच कपाटात होती. चरित्र त्या व्यक्तीच्या विषयाबरोबर ठेवावे, हे शास्त्र मला ठाऊक होते. म्हणून मी दोन आठवडे खपून ती सारी पुस्तके विषयवार विखरून टाकली : नटांची नाटकाकडे, शास्त्रज्ञांची विज्ञानाकडे, समाजसुधारकांची समाजशास्त्राकडे. तिसऱ्या आठवड्यात वाचक विचारू लागले, “आत्मचरित्रांचे कपाट कुठे गेले?” आमचे परिचर काका तेवीस वर्षे तेथे होते. ते मला एवढेच म्हणाले, “मॅडम, नंबर तुमचा बरोबर आहे, पण लोक त्या खिडकीपाशीच जातात.” मी ती पुस्तके परत खिडकीपाशी आणली. शिकलेले चुकीचे नव्हते. ते या वाचकांसाठी नव्हते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे रंगनाथन यांच्या पंचसूत्रीत, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत, वाचकाचा वेळ वाचवावा असे एक सूत्र आहे. त्याचा अर्थ मला पदवीच्या वर्गात नव्हे, तर त्या खिडकीपाशी कळला.

रंगनाथन यांचे नाव आले म्हणून एक गोष्ट येथेच सांगते, कारण निराश झालेल्या नवागतांना मी ती नेहमी सांगत असते. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत त्या एकाकी कामाला कंटाळून पुन्हा अध्यापनाकडे परतण्याची खटपट करू लागले. आधी इंग्लंडला जाऊन शिक्षण घ्यावे आणि मग ठरवावे, असा तोडगा निघाला. लंडनमध्ये त्यांना बर्विक सेयर्स हे शिक्षक भेटले. सेयर्स स्वतः क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे मुख्य ग्रंथपाल होते, म्हणजे शिकवणारा माणूस रोज ग्रंथालय चालवणारा होता. परतल्यावर रंगनाथन यांनी पुन्हा गणिताच्या अध्यापनाचा विचार केला नाही. १९३१ मध्ये पंचसूत्री आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण ही त्यांची स्वतःची वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. ज्यांचा जन्मदिवस आपण १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन म्हणून साजरा करतो, तेही पहिल्या काही आठवड्यांत नोकरी सोडायला निघाले होते.

मला माझे सेयर्स शेजारच्या तालुक्यात भेटले. तेथील ज्येष्ठ ग्रंथपाल ताईंनी मला त्यांच्या वार्षिक ग्रंथपडताळणीच्या वेळी दोन दिवस बोलावून घेतले आणि नोंदवही माझ्या हाती देऊन त्या स्वतः कपाटापाशी उभ्या राहिल्या. फाटलेले, हरवलेले आणि कालबाह्य झालेले पुस्तक यांत कागदोपत्री काय फरक करायचा, निर्लेखनाचा, म्हणजे अशी पुस्तके नोंदीतून कमी करण्याचा, ठराव कार्यकारी मंडळासमोर कसा मांडायचा, हे मी तेथे शिकले. आपल्याकडील असंख्य ग्रंथालये एकाच प्रशिक्षित माणसावर चालतात. त्याला विचारायला भिंतीपलीकडे कोणी सहकारी नसतो. म्हणून नवागतांना माझे पहिले सांगणे असते की रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यातच आसपासच्या दोन-तीन ग्रंथपालांना भेटून यावे. दूरध्वनीवर प्रश्न विचारण्याचा संकोच अशा एका भेटीने जातो.

नवागतांकडे ज्येष्ठ मंडळी एक काम हमखास ढकलतात, ते म्हणजे संगणकीकरण. “तुम्ही तरुण, तुम्हाला ते येते,” असे म्हणून वर्षानुवर्षांच्या नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या जातात. कोहा असो वा ई-ग्रंथालय, ग्रंथालयाची संगणक प्रणाली शिकणे फार अवघड नाही. अवघड असते ते जुन्या नोंदींचे. लेखकाचे आडनाव एका नोंदीत आधी, दुसऱ्यात नंतर, आद्याक्षरांमध्ये कोठे टिंब आहे, कोठे नाही, आणि आधी कोणी युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेखन केले असेल तर शोधात ते पुस्तक सापडतच नाही. लेखकनाव कसे लिहायचे, याचा निर्णय नवागताने एकट्याने घेऊ नये आणि ज्येष्ठांनी तो त्याच्यावर सोडू नये. पहिल्या शंभर नोंदी दोघांनी मिळून कराव्यात.

व्यवसायात सामावून घेणे म्हणजे अधिवेशनाचे आमंत्रण देणे, असा आपल्या संघांमध्ये एक समज आहे. जिल्हा ग्रंथालय संघाच्या पहिल्या तीन अधिवेशनांत मी मागच्या रांगेत बसून भाषणे ऐकली आणि बिल्ले वाटले. चौथ्या वर्षी कोणीतरी मला पंधरा मिनिटे दिली आणि निर्लेखनाच्या अडचणी मांडायला सांगितल्या. त्या पंधरा मिनिटांसाठी मी महिनाभर तयारी केली, सात ग्रंथालयांत जाऊन विचारपूस केली, आणि त्यातून झालेल्या ओळखी अजून टिकून आहेत. बिल्ले वाटून एकही ओळख झाली नव्हती.

पुढे प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण झालेला एक तरुण आमच्याकडे साहाय्यक म्हणून आला, तेव्हा मी त्याच्यावर दिवाळी अंक योजना पूर्णपणे सोपवली. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढल्यापासून मराठी वाचकाला या अंकांची ओढ आहे, आणि सार्वजनिक ग्रंथालयात वर्षातली सर्वांत मोठी गर्दी तेव्हाच होते. कोणते अंक घ्यायचे, योजनेची वर्गणी किती ठेवायची, एका वेळी किती अंक द्यायचे, सारे त्यानेच ठरवले. मी फक्त खर्चाची मर्यादा सांगितली. गडबडीत काही अंक शिक्का न मारताच बाहेर गेले आणि त्यांतले दोन परत आले नाहीत. मधे पडण्याचा मोह मला दररोज होत होता, हे मान्य करते. पण मुलांचे अंक वेगळे काढून ते शाळा सुटण्याच्या वेळी दारापाशी मांडण्याची कल्पना त्याची होती, आणि ती मला कधी सुचली नव्हती.

पगाराविषयी गोड बोलण्यात अर्थ नाही. सार्वजनिक ग्रंथालयातील वेतन अनुदानावर अवलंबून असते आणि ते तुटपुंजे असते. महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या पदासाठी सहसा नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, आणि त्या जागाही सहज निघत नाहीत. त्यामुळे ग्रंथालयात काम करता करता त्या परीक्षेची तयारी करणाऱ्याला निष्ठाहीन समजू नये. माझा साहाय्यक तशी तयारी करत होता आणि त्याच्या अभ्यासासाठी आम्ही सकाळची पाळी बदलून घेतली.

ते ग्रंथालय सोडताना मी दोनशे पानी वही भरून ठेवली : अहवालांच्या तारखा, अडकलेली पुस्तके, कोणत्या वाचकाला मोठ्या अक्षरांची पुस्तके लागतात, तिसऱ्या कपाटाचे कुलूप कसे उघडते. माझ्या जागी आलेल्या ग्रंथपालांचा आठवडाभराने दूरध्वनी आला. वही उत्तम आहे, असे म्हणून त्यांनी विचारले की आत्मचरित्रे विषयवार न लावता खिडकीपाशी एकत्र का ठेवली आहेत. ते लिहायचे मी नेमके विसरले होते.